खोचलेला घागरा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर म्हाताऱ्यांसाठी एक खोली आहे. खाली जमीन गरम केलेली असते, एक मोठा टीव्ही असतो, आणि कुणी ना कुणी उकडलेली रताळी घेऊन येतं. दुपारच्या जेवणानंतर एक वाहिनी जुन्या दरबारी मालिका पुन्हा दाखवते. गेल्या आठवड्यात मी तिथे बसून लसूण सोलत होते आणि पडद्यावर माझ्या हातचा घागरा आला. चाळीस वर्षांपूर्वीचा, फिकट जांभळा, कमरेशी खोचलेला.

"हीच ती मेंग!" शेजारीण मला कोपर मारून म्हणाली. "लेकराला विष घालणारी. बघ कशी साळसूद चालते!"

मी लसूण सोलत राहिले.

कोरियात, सोल शहराच्या एका दूरचित्रवाणी केंद्रात मी एकोणतीस वर्षं कपडेपटात काम केलं. रंगीत प्रक्षेपण नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. काळ्या-पांढऱ्यात कुठलाही घागरा चालून जायचा. रंग आले तशा लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या, राणीचा हिरवा चुकला, दासीचा किनखाप चुकला. ब्योन साहेब, आमचे दिग्दर्शक, चुकांना फार भीत. मला म्हणायचे, "बाई, गोष्ट कशीही असो, गाठ चुकता कामा नये."

गाठी मी शिकले होते प्यो आजींकडून. शहराच्या पूर्वेला भिक्षुणींचा एक मठ होता. राजेशाही संपल्यावर राजवाड्यातल्या काही मानकरी दासी त्या मठात राहायला गेल्या आणि एकेक करून तिथेच संपल्या. प्यो आजी शेवटच्या. सातव्या वर्षी राजवाड्यात गेलेल्या. लग्न नाही, मूलबाळ नाही, माहेरही राहिलेलं नाही. महिन्यातून दोनदा मी तांदळाच्या चकत्या आणि थोडी फळं घेऊन त्यांच्याकडे जायची आणि त्या मला बाहीचा बाक, निऱ्यांची संख्या, पट्ट्याची लांबी सांगायच्या. गाठ मात्र स्वतः बांधून दाखवायच्या.

राजवाड्यात प्रत्येक पोरीला एक थोरली बाई वाढवायची. प्यो आजींना वाढवलं मेंग बाईंनी. मेंग बाई राजाच्या आतल्या दालनातल्या, अन्नाची चव घेणाऱ्या. प्रत्येक घास आधी त्यांच्या तोंडात. प्यो आजी त्यांना आईच म्हणायच्या, आणि दर वर्षी मेंग बाईंच्या तिथीला मठात त्यांच्या नावाने भात आणि सूप मांडायच्या. ते करणारं दुसरं कुणी नव्हतं. "माझ्यानंतर तू कर हं," त्या मला म्हणाल्या होत्या. त्यांच्याकडे एक घडीचा कागद होता. त्यावर एकीने वाढवलेली दुसरी, दुसरीने वाढवलेली तिसरी अशी मेंग बाईंपर्यंत सात बायकांची नावं होती. तो कागद मला मिळणार होता.

नवी मालिका ठरली तेव्हा हाम लेखक माझ्याकडे आले. गोष्ट अशी होती, दोन वर्षांचा राजपुत्र जातो आणि दरबारात कट शिजतो. त्यांना एक प्रामाणिक दासी हवी होती. मी उत्साहाने मेंग बाईंचं नाव दिलं.

"खरं नावच वापरा," मी म्हणाले. "त्यांना आठवणारं कुणीच नाहीये."

"पण खरं काय झालं होतं त्या राजपुत्राला?"

"गोवर."

"गोवराने मेला तर साठ भाग कसे करू, बाई?" हाम लेखक हसले. "अजून काही सांगा. काहीतरी आतलं."

मग मी सांगितलं. राजपुत्र आजारी पडला त्या दिवशी मेंग बाईंना ताप होता आणि चव दुसरीने घेतली होती. त्यात काही नव्हतं, गोवर तो गोवर. पण मेंग बाईंच्या मनाने ते घेतलं. पुढे मरेपर्यंत त्या तारखेला त्यांनी तोंडात घास घातला नाही. हे प्यो आजींनी मला एका दुपारी, कोबीला मीठ लावताना, हळूच सांगितलं होतं. हाम लेखकांचे डोळे पाणावले. मला वाटलं, आपण पुण्य केलं.

पहिले वीस भाग मेंग बाई सगळ्यांच्या लाडक्या झाल्या. मठात दर मंगळवारी संध्याकाळी पोथी लवकर आटपायची. प्यो आजी स्वच्छ पांढरा झगा घालून टीव्हीसमोर बसायच्या.

"घागरा बरोबर आहे," त्या म्हणायच्या. "डावीकडे सोडलाय, जमिनीवर लोळतोय. आतल्या दालनातल्या बायका असाच नेसायच्या. खोचायच्या त्या भटारखान्यातल्या." मग भिक्षुणींकडे वळून, "आई माझी यापेक्षा उंच होती हं."

"आजी, तुम्ही तर नातेवाइकांसारख्या बसलात," एक तरुण भिक्षुणी चिडवायची.

"आहेच मुळी!"

मालिकेत विष घालायला लावणारा दाखवला होता एक मंत्री, तोही खऱ्या नावाने. एकविसाव्या भागानंतर त्या मंत्र्याच्या घराण्याची माणसं केंद्रात आली. घोड्याच्या केसांच्या उंच टोप्या, पांढरे लांब झगे, सत्तरीच्या पुढची बारा माणसं येऊन खालच्या दालनात चटया टाकून बसली. चहा नको, पाणी नको. त्यांच्यातला सर्वांत थोरला एवढंच म्हणाला, "ते मंत्री आमच्या घराण्याच्या सतराव्या पिढीतले. आम्ही आज अठ्ठावीस हजार घरं आहोत." तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून निरोप आला, मंत्री निर्दोष हवा.

हाम लेखकांनी दोन रात्रींत पुढचे भाग बदलले. नवं हस्तलिखित मला कपड्यांसाठी मिळालं. त्यात ताप खोटा होता. मेंग बाईंनी ताप आल्याचं सोंग घेतलं होतं, चव टाळली होती, आणि विष त्यांनीच मिसळलं होतं.

मी ब्योन साहेबांकडे गेले.

"साहेब, असं झालेलं नाही."

"मंत्र्यानेही काही केलेलं नव्हतं, बाई. गोवर होता म्हणे."

"मग नाव तरी बदला."

"वीस भाग लोक मेंग मेंग करतायत. आता काय बदलू?" त्यांनी कागदावरून नजर उचलली. "त्यांचे वंशज कोणी आहेत का? येऊन बसतील का खाली?"

"नाहीत."

"मग?"

हाम लेखक मला जिन्यात भेटले. नजर चुकवून म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, ताप होता म्हणून. खरी गोष्ट होती, म्हणूनच तर बसली नीट." असं म्हणून ते खाली गेले.

चित्रीकरणाच्या दिवशी रान-ही, मेंग बाईंचं काम करणारी नटी, हात पसरून माझ्यासमोर उभी राहिली. मी घागरा गुंडाळला, आणि डावीकडे सोडायचा तो उचलून कमरेशी खोचला. उजव्या बाजूला, भटारखान्यातल्या बाईसारखा.

"आज असा का हो, बाई?" रान-हीने विचारलं.

"धावायचंय ना तुला," मी म्हणाले.

ब्योन साहेबांच्या लक्षात आलं नाही. गाठ चुकली नव्हती. कुणाच्याही लक्षात येणार नव्हतं. एकीच्या येईल अशी मला आशा होती. घागरा बघून प्यो आजी म्हणतील, ही आमच्यातली नव्हेच, ही कुणीतरी दुसरीच बाई, आणि त्यांच्या मनातली आई तशीच राहील. एवढीच माझी युक्ती होती. आयुष्यात मुद्दाम केलेली ती एकच चूक.

त्या मंगळवारी मी मठात गेले. प्यो आजी नेहमीच्या जागी होत्या. मेंग बाई पडद्यावर आल्या, विषाची कुपी काढली, लेकराच्या खिमटीत ओतली. भिक्षुणींच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. आजींना चिडवणारी ती तरुण भिक्षुणी म्हणाली, "म्हणजे इतके दिवस हिचं नाटकच होतं?" मग तिला कळलं आपण कुणासमोर बोललो, आणि तिने ओठ चावला.

मी प्यो आजींकडे बघत होते. त्यांचे डोळे पडद्यावर, खाली, घागऱ्याच्या काठावर.

"खोचलाय," त्या म्हणाल्या.

"हो आजी," मी घाईने म्हणाले. "ही मेंग बाई नाहीच. तुम्ही बघताय ना? ही भटारखान्यातली कुणीतरी."

भाग संपला, भिक्षुणी एकेक करून उठून गेल्या. मग त्यांनी विचारलं, "तू नेसवलंस?"

"हो."

"तुला येतं नीट नेसवता. म्हणजे मुद्दाम." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुला आधी ठाऊक होतं."

"मी साहेबांना सांगून पाहिलं, आजी. ऐकलं नाही."

"ते राहू दे. तापाचं त्यांना कुणी सांगितलं, पोरी? ते मी तुला एकटीला सांगितलं होतं. कोबी करताना."

मी त्यांच्या पायांशी वाकले. बाहेर अंगणात कुणीतरी झाडत होतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता तिचं काय करणार ते?"

"पुढच्या मंगळवारी... विषाचा पेला देणार. मृत्युदंड."

"त्या दिवशी नीट नेसव. खुनी म्हणायचं तर म्हणू देत, त्यांचं तोंड आपल्या हातात नाही. पण आई माझी खोचून कधी बाहेर आली नाही. आजारी होती तेव्हाही नाही. मरताना तिला असं भटारखान्यात नको ढकलूस."

मी नीट नेसवलं. डावीकडे सोडून, काठ जमिनीला टेकवून. रान-ही म्हणाली, "आता धावायचं नाही वाटतं?" मी तिच्या पाठीवरची घडी सारखी केली. तिने ते मरण फार सुंदर वठवलं, अंगणातल्या चटईवर, घागरा चहूकडे पसरून. तो भाग लागला त्या संध्याकाळी मी मठात होते. प्यो आजी कशाबशा उठल्या, टीव्हीसमोर दोन्ही हात कपाळाशी जुळवून पुरत्या खाली वाकल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. त्यांना उठवायला मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. धरला तो त्या तरुण भिक्षुणीचा.

पुढच्या वसंतात त्या गेल्या. घडीचा कागद त्यांनी मलाच दिला, पण देताना म्हणाल्या, "नावं वाच. गोष्टी सांगत बसू नकोस कुणाला." मी सांगितल्या नाहीत. कागदावर शेवटी आजींचं नाव लिहिलं, दर वर्षी भात मांडला, सूप मांडलं, आठही नावं वाचली. हाम लेखक गेले, ब्योन साहेब गेले. राजवाडा दाखवणारी मुलं हल्ली एका ओसरीकडे बोट करून सांगतात, इथल्या दासीने लेकराला विष घातलं. शाळेची पोरं तिथे उभी राहून फोटो काढतात.

काल आमच्या खोलीत मृत्युदंडाचा तो भाग लागला. चटईवर मेंग बाई बसल्या होत्या, घागरा नीट पसरलेला. शेजारीण म्हणाली, "बरी खोड मोडली हिची."

माझ्या हातातली लसणाची पाटी मी खाली ठेवली.

"तिला त्या दिवशी खरंच ताप होता," मी म्हणाले.

"काय गं?"

"ताप होता तिला. लेकराला गोवर झाला होता. मला ठाऊक आहे."

"शूऽऽ," मागून कुणीतरी म्हणालं. "जरा गप बसा ना आजी, ऐकू द्या."

"तुला कसं ठाऊक? तिथे होतीस वाटतं तू?" शेजारीण हसली, आणि दोघी-तिघी हसल्या. पडद्यावर पेला पुढे आला. मी उठले, सगळ्यांच्या आणि टीव्हीच्या मधे जाऊन उभी राहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.