उजव्या चाकाचा आवाज

"हाज, खरं सांगा, आवाज गाडीत आहे की तुमच्या डोक्यात?"

गाडीखालून मेकॅनिक उस्ता शिहाताचे फक्त दोन तेलकट पाय बाहेर आले होते आणि बोलत होते जणू तेच.

"डोक्यात असता तर डोकं घेऊन आलो असतो," म्हातारा फिक्री म्हणाला. "गाडी कशाला आणली असती?"

"डोक्याचं काम मी घेत नाही. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत."

शिहाता सरपटत बाहेर आला. महल्ला शहरात गाडीच्या पुढच्या बाजूचं काही वाजू लागलं की लोक त्याचंच नाव घेत. त्यानं चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, हातोडीनं ठोकून पाहिलं, लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक लोखंडाला लावून वैद्यासारखं ऐकूनही पाहिलं. गाडी जॅकवर चढवून चाक गरागरा फिरवलं. गाडीनं तोंडातून शब्द काढला नाही. मागच्या खेपेला त्यानं रबरी बुश बदलले होते, त्याआधी शॉकअब्जॉर्बर. दर वेळी गल्लीत गाडी गरीब गाय होऊन चाले आणि मन्सूराच्या रस्त्याला लागली की पुढच्या उजव्या चाकाशी पुन्हा खडखड सुरू.

मन्सूराला फिक्री हौसेनं जात नव्हता. दर तीन आठवड्यांनी बायकोला, अतियातला, तिथल्या इस्पितळात सुई टोचून घ्यायला न्यावं लागे. दुखणं हाडांत उतरलं होतं. डॉक्टर फिक्रीला सब्र करायला सांगत. कुवेतहून मुलगा वाइल फोन करी, तोही तेच सांगे. सूतगिरणीच्या कोठारात तीस-बत्तीस वर्षं कारकुनी करून फिक्री निवृत्त झाला होता. हरवलेली सुताची पेटी शोधणं, चुकलेला हिशोब जुळवणं हे त्याला जमे. इथे मात्र त्याच्या हाती काहीच नव्हतं. अतियात रात्री कण्हायची आणि तो पाण्याचा पेला घेऊन उभा राहायचा. पाणी तिला नको असायचं.

तिनं सगळ्या दुखण्यात एकाच गोष्टीची तक्रार केली होती, ती या आवाजाची. "तो लोखंडात नाही वाजत, फिक्री, माझ्या हाडांत वाजतो. एवढा तेवढा घालव." एवढं तरी आपल्याला करता येईल, असं फिक्रीला वाटलं होतं. म्हणून तो शिहाताच्या दारात येऊन बसला होता, आणि उद्याच मन्सूराची पाळी होती.

"चला, एक चक्कर मारू," शिहाता म्हणाला. "पुढे बसा, कान लावा."

"मी मागेच बसतो. ती सीट अतियातची आहे."

"सीटला काय हातबोट लावणार आहे मी?"

"तसं नाही रे. तिची पाठ टेकायची जागा बसवताना महिना गेला माझा. खाली गादी, मागे लाकडाची पाचर, बाजूला दोन उशा. केसभर हललं तर मन्सूरापर्यंत विव्हळत जाते."

या चकराही प्रत्येक खेपेला अशाच झाल्या होत्या. शिहाता चालवणार, फिक्री मागे अंग चोरून बसणार आणि चालकाच्या उजवीकडची सीट उशा सांभाळत रिकामी जाणार. शिहाता गाडी काढणार, तेवढ्यात कोपऱ्यावरचा कलेजीवाला दसूकी रस्त्यात आडवा आला. दसूकीनं आपल्या गाड्यावरचा अर्धा माल स्वतःच खाल्ला असावा, असं त्याच्याकडे पाहून कोणालाही वाटे.

"बाजारापर्यंत सोडा, पाव संपलेत," म्हणत त्यानं दार उघडलं आणि फिक्री "अरे, अरे" करेपर्यंत तो अतियातच्या सीटवर बसलाही. पाचर कडकन मोडली.

"हे काय केलंस, दसूकी?" फिक्री मागून ओरडला. "ऊठ तिथून. महिना गेला होता माझा."

"उठतो बाबा, माफ कर. मला काय ठाऊक?"

"कोणी उठू नका," शिहाता म्हणाला, कारण गाडी पुढे सरकली होती आणि गल्लीच्या तोंडाशी लोकांनीच सिमेंट ओतून केलेल्या उंचवट्यावर चढली होती. पुढच्या उजव्या चाकाशी खडखडखड असा आवाज झाला.

"हाच," फिक्री म्हणाला. "हाच तो. बघ, मी काय वेडा होतो?" मोडलेली पाचर तो विसरला. इतक्या दिवसांत त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

शिहातानं गाडी मागे घेतली, पुन्हा उंचवट्यावर घातली. पुन्हा खडखड. मग दसूकीला उतरवून घातली. गाडी चिडीचूप. दसूकीला पुन्हा बसवलं, पुन्हा आवाज. दसूकी म्हणाला, या उन्हात चढून-उतरून आता पाव मीच होणार भाजून.

"काखेत कळसा अन् मी गावाला वळसा घालतोय," शिहातानं कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं. "ऐका, हाज. त्या बाजूला भार आला की गाडी खाली बसते. मग चाकाकडे जाणारी अॅक्सल तिरकी होते आणि तिचा आतला झिजलेला सांधा वाजतो. भार नाही, तर आवाज नाही. मी आपला जॅकवर चढवून ऐकतोय. जॅकवर कसला भार? तुमच्या घरच्या हाजा अंगानं कशा आहेत?"

"भरलेली आहे," फिक्री म्हणाला, आणि त्यात थोडा जुना तोरा होता. "लग्नात तिच्या मामानं मला विचारलं होतं, दारातून आत नेशील कशी म्हणून."

"मग तेच. अॅक्सल बदलली की झालं. पोर्ट सईदहून मागवतो, शनिवारी येईल."

"उद्या जायचंय रे."

"उद्याचा दिवस हळू न्या. वाजेल, पण सोसावं लागेल."

"चालून चालून बसेल की आपोआप," दसूकी म्हणाला.

"लोखंड आपोआप बरं होत नाही, शेठ. ते वाजत असलं तर वाजतच राहतं."

घरी येऊन फिक्रीनं नवी पाचर तासली आणि उशा पुन्हा लावून ठेवल्या. रोग सापडला होता. शनिवारी तो जाणार होता. गेल्या कित्येक महिन्यांत इतकी खात्रीची गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

सकाळी अतियात भिंतीला धरून जिना उतरली. तिला हात लावलेला चालत नसे. कुठेही धरलं तरी दुखायचं, म्हणून फिक्री पुढे दोन पायऱ्या, उलटा चालत, नुसते हात पसरून उतरे. तिच्या अंगावर तोच जुना घोळदार काळा अबाया होता. गेल्या तीन आठवड्यांत तिनं खाल्लं काय, तर दह्याचे चार चमचे आणि थोडं मसुराचं पाणी.

"आज वाजेल हं," ती बसल्यावर तो म्हणाला. "रोग कळलाय. शनिवारी बदलणार. आजचा दिवस सोस."

"सोसते. नवीन का आहे मला?"

मन्सूराच्या रस्त्यावर प्रत्येक गावानं आपापला उंचवटा केलेला, कोणाचा मातीचा, कोणाचा जुन्या टायरांचा. पहिला आला तसा फिक्रीनं दात आवळले आणि अंड्यावरून न्यावी तशी गाडी नेली. आवाज आला नाही. दुसऱ्यावर आला नाही. कालव्याच्या पुलाशी रस्ता उखडलेला होता, तिथेही नाही.

"गेला रे," अतियात म्हणाली. डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर हसू होतं.

"काय?"

"आवाज. अगदी गेला. त्या पोराचे हात सोन्याचे आहेत. त्याला माझी दुवा सांग."

अजून काहीच बदललेलं नाही, असं सांगायला फिक्रीनं तोंड उघडलं. अॅक्सल पोर्ट सईदलाच होती. काल दसूकी बसला तेव्हा हीच गाडी वाजली होती. त्यानं शेजारी पाहिलं. खालची गादी त्यानं काल लावली तशीच फुगलेली होती. पट्टा अबायाच्या घड्यांवर सैल पडला होता. घड्यांच्या आत किती उरलं होतं, ते त्या अबायानं जिना उतरताना दर वेळी पसरलेल्या हातांनाही कळू दिलं नव्हतं.

"सांगतो," तो म्हणाला.

पुढे शेवटच्या गावाचा उंचवटा दिसला, सगळ्यांत उंच. फिक्रीनं अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, तरी त्यानं उचलला नाही. वाजू दे, एकदा तरी वाजू दे, असं मनात म्हणत त्यानं गाडी तशीच वर घातली. अतियातच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली आणि तिनं समोरची फळी धरली. चाक काही बोललं नाही.

"फिक्री," ती धापा टाकत म्हणाली, "तुझं लक्ष कुठंय?"

"चुकलं," तो म्हणाला. "दिसला नाही मला."