उलटं पातं

बाबांच्या हातून एकेक हत्यार काढून घेताना लेकीने ठरवून लबाडी केली होती. दरवेळी दोष हत्याराचाच. ग्राइंडर 'दुरुस्तीला गेला', ड्रिलची 'मोटर जळली'. भावाला मात्र तिने फोनवर ठणकावलं, "लोखंड कापायची करवत राहू दे त्यांच्याकडे. तीही काढली, तर उरलं काय माणसात?"

बाबांना हल्ली घरचा रस्ता आठवत नसे. पण वर्कशॉपमध्ये करवत हाती आली की स्वारी तरतरीत.

त्या सकाळी नळवाला करवतीच्या दोन रिकाम्या फ्रेम घेऊन आला. "काका, यातली कुठली ठेवू?"

बाबा खुलले. "ही सरकणारी. लहानमोठं कुठलंही पातं घाल, सगळ्यांशी जमवून घेते. पण सांध्यात ढिली. जोर लावला की मान वाकडी करते, काप तिरका जातो. ही दुसरी अखंड. एकाच मापाचं पातं घेईल, पण शब्दाला पक्की."

"म्हणजे माझ्या दोन मेव्हण्याच की!" नळवाला म्हणाला. बाजूला उभ्या लेकीसकट तिघंही हसले.

बाबांनी अखंड फ्रेमच्या खुंट्यांवर पातं अडकवलं, नट आवळला आणि नळी कापायला घेतली. नळीवर नुसती चमक उठली. पातं धरेचना, घसरतच राहिलं. लेकीने वाकून पाहिलं. दात पुढे हवेत, ते मुठीकडे होते. नवशिकाही ही चूक एकदाच करतो.

नळवाला भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला.

"पात्यात दमच नाही," बाबा घामाघूम झाले होते.

"हो बाबा, हा लॉटच खराब आलाय."

बाबा थांबले. दातांवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग इतक्या लख्ख नजरेने तिच्याकडे पाहिलं, की भुईने पोटात घ्यावं असं तिला झालं.

"ग्राइंडरला काय झालं होतं गं?"



त्यांनी करवत तिच्या हातात दिली. "तू लाव."

तिने पातं फिरवून बसवलं, नट आवळला. त्यांनी पात्याला टिचकी मारून ऐकलं. "अजून अर्धा फेरा." तिने दिला.

"हं. यापुढे कोणी विचारलं तर तूच सांग. मला विचारू नकोस. मी चुकीचं सांगेन, आणि तू 'हो बाबा' म्हणशील."

ते स्टुलावर जाऊन बसले. हात मांडीवर, रिकामे.

"ताई," नळवाल्याने हळूच विचारलं, "मग कुठली घेऊ?"

तिने अखंड फ्रेम पुढे सरकवली. का, ते सांगायला तोंड उघडलं, पण नजर आधी स्टुलाकडे गेली.