छत्तीस वर्षांच्या बाईचा शाळकरी शर्ट

मित्रांनो, मी एक जुना शाळकरी शर्ट आहे, पण शाळा मी एकदाही पाहिलेली नाही. माझा रंग आकाशी. आता तो कॉलरवर आणि काखेत विटला आहे. मला शिवले होते तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी, आणि माझे सारे आयुष्य गेले एका मोठ्या बाईच्या अंगावर. तिचे नाव हरिप्रिया. माझी गोष्ट ही तिच्या रागाची गोष्ट आहे. तो राग माझ्याही धाग्यांत मुरला आहे, म्हणून मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका.

माझा जन्म तमिळ मुलखात, जॉर्ज टाउनमधल्या एका माडीवर झाला. शाळा उघडायचे दिवस जवळ आले होते. कापणारा माणूस कापडाचे थरावर थर मांडून एकदम कापायचा आणि सहा बायका आम्हांला शिवायच्या. मग खोक्यात भरून आम्ही तांबरमच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे तळमजल्यावर साड्या होत्या, पहिल्या मजल्यावर बायकांचे तयार कपडे आणि सर्वांत वर मुलांचा विभाग. मी तिथे टांगला गेलो. वाटले, कुणी दांडगट मुलगा येईल आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर शाई सांडेल.

आली हरिप्रिया. वय तेहेतीस, उंची चार फूट सात इंच. सोबत तिची आई सरोजिनी, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मायलेकी मूळच्या तंजावरकडच्या. आपसात मराठी बोलत आणि दुकानात तमिळ. विक्रेत्याने विचारले की मुलगा कितवीत आहे. हरिप्रिया म्हणाली, शर्ट मलाच हवा आहे. तो हसला आणि तिला ‘पाप्पा’ म्हणाला. पाप्पा म्हणजे बाळ. त्या पोराचे वय तेवीस-चोवीस असेल, मित्रांनो.

ती हौसेने वर आली नव्हती. आधी ती बायकांच्या मजल्यावर गेली होती. तिथला सर्वांत लहान शर्ट तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचला, आणि तिथल्या बाईने वर बोट दाखवून तिला जिना चढायला लावले. आता मला अंगावर घालून बघायला खोली हवी होती, तर मुलांच्या विभागात तशी खोलीच नव्हती. मुलांना काय, कुठेही घालून बघता येते. बायकांच्या मजल्यावरच्या खोलीत शर्ट न्यायचा तर आधी पावती करा, असा नियम निघाला. शेवटी हरिप्रियाने कुडत्यावरच मला चढवले, भर विभागात, खेळण्यांच्या चित्रांचे टी-शर्ट चाचपणाऱ्या आयाबापांसमोर. एक लहान मुलगी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. हरिप्रियाचे कान लाल झाले होते. मी खांद्यावर नीट बसलो, बाह्या मनगटाशी थांबल्या, पण छातीवरचे बटण काही लागेना. मला मुलाच्या छातीचे माप होते.

घरी सरोजिनीने माझ्या दोन्ही बाजू उसवल्या आणि आत चार-चार बोटांच्या पट्ट्या घातल्या. माझ्या खिशावर तिने कारखान्याचा बिल्ला शिवला. तेव्हा मला कळले की आपल्याला शाळेत जायचे नाही.

हरिप्रिया श्रीपेरुंबुदूरजवळ एका कारखान्यात तपासनीस होती. मोटारींत बसवायच्या वायरी तिथे तयार होत. वायर दोन रोलरांमधून सरकत येई आणि ती तिच्यावर नजर ठेवी. गणवेशाचा शर्ट माझ्याच रंगाचा होता, पण सर्वांत लहान माप घेतले तरी बाह्या तिच्या बोटांच्या टोकांवर येत. दुमडल्या तर सुटत. पिना लावायला बंदी होती. तिने दोन वर्षे लहान माप मागितले. कोठारातून दर वेळी एकच उत्तर यायचे, एवढे लहान माप कंपनी शिवून घेत नाही. मग एका सकाळी रोलरने तिचा कफ ओढला. तिने हात मागे खेचला. कफ फाटला, बोटे वाचली. त्या रविवारी ती माझ्याकडे आली होती.

मी तीन वर्षे तिच्याबरोबर राबलो. पहाटे कंपनीची बस, दिवसभर यंत्राजवळ, संध्याकाळी साबण. माझी बाही एकदाही रोलरजवळ गेली नाही, याचा मला अभिमान होता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझे कौतुकही झाले. सुरक्षा सप्ताहात पाळीचे प्रमुख गिरिधर यांनी तिला सर्वांसमोर उभे केले आणि म्हणाले, बघा, ही पाप्पा कशी हुशार आहे, तक्रार न करता मुलांच्या विभागातून शर्ट घेऊन आली. टाळ्या पडल्या. मी मूर्ख, त्या टाळ्यांनी फुगलो. हरिप्रिया मात्र घामाने भिजली होती. घरी आल्यावर आईला म्हणाली की मी दोन वर्षे तक्रार केली, ती यांना ऐकूच आली नाही.

पुढे जे झाले ते त्या टाळ्यांमुळेच झाले. त्या दिवसापासून कुणीही ठेंगणी बाई लहान माप मागायला गेली की तिला सांगत, हरिप्रियासारखे करा. एवढासा मी, आणि कंपनीने माझ्याआड तोंड लपवले.

गेल्या वर्षी सुनीती नावाची मुलगी कामाला लागली. वय बावीस. उंची हरिप्रियाएवढीच, पण अंगाने भरलेली. तीही मुलांच्या विभागात जाऊन आली होती. तिथला एकही शर्ट तिच्या दंडावरून वर गेला नाही. तिने कोठारात विनवणी केली. तिलाही माझेच उदाहरण सांगितले. म्हणून ती कंपनीचाच शर्ट घालायची आणि बाह्यांवर रबर बांधायची. एका मंगळवारी दुपारी रबर तुटला. बाही रोलरमध्ये गेली आणि बाहीमागून हात.

लाल बटण हरिप्रियाने दाबले. यंत्र थांबले तेव्हा सुनीतीची दोन बोटे चिरडली होती. हरिप्रियाने तिला धरून बसवले आणि तिचे रक्त माझ्या छातीवर आले. मला कितीदा धुतले तरी दुसऱ्या बटणाखाली एक तपकिरी डाग राहिलाच आहे.

दोन दिवसांनी गिरिधरनी हरिप्रियाला खोलीत बोलावले. मी तिच्या अंगावर होतो. त्यांनी अहवाल पुढे सरकवला. त्यात लिहिले होते की कर्मचाऱ्याने सैल कपडे घातले होते, म्हणजे दोष कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणाचा. साक्षीदार म्हणून सही हवी होती. हरिप्रियाने तो कागद दोनदा वाचला.

“सार, हे सैल कपडे तिला कुणी दिले?” तिने विचारले.

गिरिधर म्हणाले, तुला जमले ते तिला का जमू नये?

“मला जमलं नाही. मी निमूटपणे लहान मुलांच्या कपड्यांत शिरले, आणि तुम्ही माझा दाखला देऊन बाकीच्यांची तोंडं बंद केलीत. मी सही करणार नाही. आणि मला पाप्पा म्हणू नका. मी छत्तीस वर्षांची आहे.”

आवाज चढला नव्हता. ती उठली आणि बाहेर आली.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. माझ्यामुळेच सुनीतीची बोटे चिरडली, असे ती आईला पुन्हा पुन्हा सांगत होती. सरोजिनी तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, “कोप स्वतःवर काढूं नको, पोरी. ज्याच्यावर काढायचा, त्याच्यावर काढ.”

दुसऱ्या दिवशी हरिप्रियाने मला खुंटीवरच ठेवले आणि कंपनीचा शर्ट घातला. पुढचे मी पाहिले नाही. रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिने आईला सांगितले तेवढेच मला ठाऊक आहे. त्या पाळीत अकरा ठेंगण्या बायका होत्या. सकाळच्या बसमध्ये ठरवून अकराही जणी बाह्या न दुमडता यंत्रांपाशी गेल्या आणि यंत्राची हद्द दाखवणाऱ्या जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या. हात लोंबत्या बाह्यांत दडलेले. कुणी घोषणा दिली नाही. हरिप्रियाने गिरिधरना एवढेच सांगितले की सैल कपडे घालून पट्ट्यापुढे जाणे हा निष्काळजीपणा आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. तीन तास एकही वायर पुढे सरकली नाही. मग वरचे साहेब धावत आले.

त्या दिवशी मी खुंटीवर नुसता लटकत होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला निरुपयोगी असल्याचा आनंद झाला.

आठवड्याने कारखान्यात शिंपीण आली आणि तिने प्रत्येकीचे माप घेतले. महिन्याभरात नवे शर्ट आले. अहवालातून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द काढला. सुनीतीला उपचाराचा खर्च मिळाला आणि बसून करायचे काम मिळाले. पण तिची दोन बोटे आता वळत नाहीत. गिरिधर त्याच खुर्चीवर आहेत. फक्त हरिप्रियाला ‘मॅडम’ म्हणतात, तेही दात आवळून.

सुनीती एकदा घरी आली होती. हरिप्रियाने तिची क्षमा मागितली. सुनीती म्हणाली, “अक्का, तुझा राग आला होता मला. खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी तू पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिलीस हे ऐकलं, तेव्हा थोडं रडले.” हरिप्रियाने तिचे ताट वाढले. बोटांना घास धरता येत नव्हता, म्हणून चमचा दिला. दोघी पोटभर जेवल्या.

मित्रांनो, आता मी कपाटाच्या तळाशी आहे. मला जपा, रफू करा, असे मी म्हणणार नाही. जुना शर्ट फाटतो, त्याचे पायपुसणे होते, त्यात दुःख कसले? मला एवढेच सांगायचे आहे की तुमच्या वर्गात रांगेच्या अगदी पुढे एक मुलगी उभी राहत असेल. तिला आत्ता तुम्ही ठेंगू म्हणता, ती हसते, आणि तुम्हांला वाटते तिला चालते. उद्या तुमच्यातला कुणी दुकान काढेल, कुणी कारखाना चालवील. ती तुमच्या दारात येईल आणि आपल्या मापाचे कपडे मागेल. तेव्हा तिला वरच्या मजल्यावर पाठवू नका. उंची वाढो न वाढो, तोवर ती मोठी झालेली असेल.