फिकी नदी

समितीची बैठक दुपारी होती. नदीपलीकडच्या वस्तीतला दवाखाना चालू ठेवायचा की बंद करून रुग्णांना मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, एवढंच ठरायचं होतं. तिथली परिचारिका दवाखान्याची बाजू मांडणार होती. पडद्यावर दाखवायचा नकाशा तिच्या भावजयीने केला होता. नकाशे आणि आलेख काढणं हाच तिचा व्यवसाय.

नकाशा देखणा होता. आजारागणिक वेगळा रंग, रुग्णांच्या संख्येप्रमाणे लहानमोठी वर्तुळं. ती उठून दिसावीत म्हणून रस्ते, टेकडी, नदी, बाकीचं सगळं तिने फिकं केलं होतं.

सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नणंदेने चष्मा लावून पाहिलं.

"छान झालाय गं. पण हे रुग्णालय आमच्या शेजारी कधी राहायला आलं?"

"अंतर मोजूनच टाकलंय, ताई."

"मोजलंस खरं. पण माझे पेशंट काय पोहत जाणार?"

भावजय हसली आणि हसता हसता थांबली. नदी जवळजवळ पुसली गेली होती. हा नकाशा पाहून कोणीही विचारलं असतं, इतक्या जवळ दोन दवाखाने हवेत कशाला?

"अहो, मी तर तुमच्याच पायावर धोंडा टाकत होते."

"अजून पडला नाही ना? मग उचल. मी चहा टाकते."

रंग गेले, वर्तुळं गेली. नदी गडद निळी झाली. वस्तीपासून खाली पुलापर्यंत आणि तिथून परत वर रुग्णालयापर्यंत एकच जाड लाल रेघ आली. तिच्याशेजारी लिहिलं: आजारी माणसाला चालत दीड तास.

"एवढंच? आणि माझे आकडे?"

"ते तुम्ही तोंडाने सांगा. डोळ्यांना एकच काम देऊ."

बैठकीत अध्यक्ष उठून पडद्यापाशी गेले आणि रेघेवरून बोट फिरवू लागले. पुलापर्यंत हात पुरेना, तेव्हा ते रेघेबरोबर पुढे सरकले. खोलीतले सगळे त्या बोटाकडे पाहत होते. मग नणंदेने आकडे सांगितले. वाद झाला, पण थोडाच. दवाखाना राहिला.

बाहेर आल्यावर नणंदेने भावजयीचा हात धरला. "इतकी वर्षं कंठशोष केला मी. आज त्यांना दिसलं. तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले! सकाळी तुम्ही टोकलं नसतं तर दवाखान्याला मीच कुलूप लावलं असतं, तेही रंगीत. आभार मी मानायचे, ताई."

नणंद डोळे पुसत हसली. "बरं, मग मला तिकडे सोड. पेशंट दारात बसले असतील. त्यांना मीच सांगते."