लुगेंडोच्या भोपळ्यातलं पाणी

त्या रविवारी इगोंबे गावची माणसं झाडून सगळी गोरखचिंचेखाली जमली होती. कुणी झाडाच्या मुळांवर बसलं होतं, कुणी सूर्यफुलाच्या पोत्यांवर, आणि ज्यांना जागा मिळाली नाही ते एकमेकांच्या पायांवर उभे होते. सगळ्यांचे डोळे एकाच टोपलीवर खिळले होते.

आठवड्यापूर्वी मांत्रिक लुगेंडोनं या टोपलीत आपला तांबडा कोंबडा कोंडला होता. कोंबड्याचं नाव शाहिदी, म्हणजे साक्षीदार. त्याच्या सोबतीला हावा आजीची आजारी कोंबडी ठेवली होती. मानमोडीच ती, कोंबड्यांची जीवघेणी साथ. मान पिळवटलेली, पाय लुळे, शीट हिरवीगार. कोंबडी दुसऱ्याच दिवशी मेली. आज लुगेंडोनं टोपलीवरचं लाल फडकं ओढलं, तसा शाहिदी बाहेर आला, पंख झटकून उभा राहिला आणि असा आरवला की दोन बायकांनी हात जोडले.

"बघा!" लुगेंडो गरजला. "मरण याच्या कुशीत निजलं आणि मरणच मेलं! का? तर हे पाणी!" त्यानं गळ्यातला वाळका भोपळा उंच धरला. "माझ्या आजोबांनी खाऱ्या सरोवराच्या तळाशी सात वर्षं बसून हे मिळवलंय!"

"सात वर्षं पाण्याखाली?" मागून मिसांगा मास्तर म्हणाले. "मग श्वास कशानं घेतला?"

"नाकानं!" लुगेंडो म्हणाला. लोक खो खो हसले, आणि हसले ते मास्तरांनाच.

"कोंबडीच्या डोळ्यात एकच थेंब," लुगेंडोनं पुढं सांगितलं. "पाच कोंबड्यांमागं एक मला. तीन महिन्यांनी मी पुन्हा येईन. आणि जो शंका घेईल, त्याचं अंगण सहा दिवसांत ओस पडेल. मास्तरांना विचारा!"

तीन महिन्यांपूर्वी, लुगेंडोच्या पहिल्या फेरीत, मास्तरांनी असंच तोंड उघडलं होतं. सहाव्या दिवशी त्यांच्या अकराच्या अकरा कोंबड्या गेल्या होत्या.

गर्दीच्या कडेला स्तेलिया किटुंडू उभी होती. ती याच गावची. आता जनावरांच्या आणि पाखरांच्या साथींवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि गावोगाव हिंडून कोंबड्यांचं रक्त तपासायची. शेजारी तिची म्वाजुमा आत्या होती. आत्यानं अंडी विकून स्तेलियाला शिकवलं होतं, आणि गेली चार वर्षं तीच घरोघर जाऊन मानमोडीची लस टोचायची. टोचायची म्हणजे काय, छोट्या बाटलीतला एक थेंब डोळ्यात. लशीनं कोंबड्या आंधळ्या होतात असं लुगेंडोनं पसरवल्यापासून मात्र तिला कुणी दारात उभं करत नव्हतं.

"माणसं एवढी मूर्ख कशी गं, आत्या?" स्तेलिया पुटपुटली.

"मूर्ख नाहीत, घाबरलीत," आत्या म्हणाली. "माझ्या बाटलीमागं आजोबा नाही ना कुणाचा सरोवरात बसलेला."

स्तेलियाला हसू आलं, पण डोक्यात भलतंच काहीतरी खुपत होतं. थेंब डोळ्यातच का? चोचीत का नाही, डोक्यावर का नाही? आणि तीन महिन्यांनीच पुन्हा का? लुगेंडोच्या आजोबांचं वेळापत्रक तिच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेलं होतं!

ती गर्दीतून पुढं झाली. "बाबा, तुमच्या पाण्याचं मला चमचाभर द्या. तपासून त्यावर कागद देते. शिक्क्याचा."

लुगेंडोनं डोळे बारीक केले. "शिक्का कसला?"

"गोल. निळ्या शाईचा."

निळा गोल शिक्का म्हटल्यावर त्याला मोह आवरेना. "नाव मोठ्या अक्षरात लिही हो, पोरी," असं म्हणत त्यानं चमचा काठोकाठ भरला.

स्तेलियानं पेटीतून खळगे असलेली पांढरी तबकडी काढली आणि सगळ्यांदेखत मांडली. पहिल्या खळग्यात विहिरीचं पाणी. दुसऱ्यात आत्याच्या बाटलीतली लस. तिसऱ्यात लुगेंडोचं पाणी. चौथ्यातही लुगेंडोचंच पाणी, पण त्यात आत्यानं लस दिलेल्या कोंबडीच्या रक्तावरची निवळी मिसळलेली. ते मिश्रण तिनं थोडा वेळ मुरू दिलं. मग चारही खळग्यांत तिनं कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी सोडल्या.

"आता पाऊण तास थांबायचं," ती म्हणाली.

"चमत्काराला पाऊण तास लागतो?" लुगेंडोनं टोमणा मारला.

"तुमच्या आजोबांना सात वर्षं लागली होती," हावा आजी म्हणाली. या वेळी लोक हसले ते मास्तरांना नव्हे.

पाऊण तासानं मास्तरांनी वाकून मोठ्यानं वाचायला घेतलं. "विहिरीचं पाणी, तळाशी लाल टिकली. लस, टिकली नाही. सगळीकडं गुलाबी साय पसरलीय. लुगेंडोचं पाणी..." ते थांबले. पुन्हा वाकले. "हीसुद्धा गुलाबी सायच!"

"साध्या पाण्यात पेशी तळाला बसतात, त्यांची टिकली होते," स्तेलिया म्हणाली. "मानमोडीचा विषाणू पेशींना एकमेकींना चिकटवतो, मग त्या खाली बसत नाहीत. लशीत तोच विषाणू असतो, पण माणसाळवलेला. आणि तोच या भोपळ्यात आहे."

"दुसरंही काही चिकटवत असेल," मास्तर म्हणाले. मार खाऊनही त्यांची शंका घ्यायची खोड गेली नव्हती.

"म्हणून तर चौथा खळगा. लस दिलेल्या कोंबडीचं रक्त फक्त मानमोडीच्या विषाणूला पकडतं, मग त्याला पेशी चिकटवता येत नाहीत आणि टिकली बसते. दुसरं काही असतं, तर साय तशीच राहिली असती."

मास्तरांनी पाहिलं. चौथ्या खळग्यात ठसठशीत लाल टिकली होती.

म्वाजुमा आत्या पुढं आली. "म्हणजे तालुक्याच्या दुकानातली लस आणायची, भोपळ्यात ओतायची, आणि माझ्या लशीनं कोंबड्यांचे डोळे जातात असं सांगत फिरायचं!"

"आणि माझ्या अकरा कोंबड्या?" मास्तरांनी विचारलं. "तो शाप कुठल्या दुकानात मिळतो?"

"तेव्हा लुगेंडोबाबा राहिले कुणाकडं होते?" स्तेलियानं विचारलं.

"आमच्याकडंच. रुसवा नको म्हणून मीच बोलावलं. टोपली कणगीखाली ठेवली होती," असं म्हणता म्हणता मास्तरांचा चेहरा बदलला.

"त्या टोपलीत आधी कुणाची तरी आजारी कोंबडी होती," स्तेलिया म्हणाली. "शाहिदीला लस दिलीय, म्हणून तो मरत नाही. पण तिची घाण त्याच्या पायांना, पिसांना, टोपलीला लागते. लशीची मुदत संपलेल्या तुमच्या कोंबड्या तिथंच टिपत होत्या. पाच-सहा दिवसांत रोग दिसणारच. त्याला भविष्य कशाला कळायला हवं?"

गर्दीतून आवाज उठले. "गावप्रमुख जुम्बेच्या घरीही तो मुक्कामाला होता, त्याच्याही कोंबड्या गेल्या!" "आमच्या दारात टोपली उन्हाला ठेवली होती!" शापाचा एकेक पत्ता गावानंच जुळवून दिला.

लुगेंडो मात्र कसलेला होता. "पण ज्यांनी माझं ऐकलं त्यांच्या कोंबड्या जगल्या की नाही? जगल्या ना? मग तक्रार कसली?"

जगल्या होत्या, हे खरंच होतं. एक जण म्हणालासुद्धा, "गुण येतोय ना, मग भोपळा काय नि बाटली काय!"

उत्तर हावा आजीनं दिलं. "माझी कोंबडी आजारी होती, ती मेली असतीच. पण अशाच कुणाच्या तरी कोंबडीकडून यानं मास्तरांच्या अकरा मारवल्या. आग लावायची आणि मग पाणी विकत फिरायचं. उद्या याची लस संपली, तर हा विहिरीचं पाणी भोपळ्यात भरेल. तेव्हा मला कसं कळणार? म्वाजुमाच्या बाटलीवर तारीख तरी असते!"

लुगेंडोनं दक्षिणा म्हणून घेतलेल्या कोंबड्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या. शाहिदीचा रस्सा करायचा ठराव काही जणांनी मांडला, पण स्तेलियानं कोंबडा, टोपली आणि फडकं सगळंच तपासणीसाठी ताब्यात घेतलं. लुगेंडो मोकळ्या हातांनी बसच्या रस्त्याला लागला. जाता जाता त्यानं शिक्क्याच्या कागदाची आठवण करून दिली, हे मात्र त्याचं कौतुकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या दारात कोंबड्या काखोटीला मारून रांग लागली. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या मडक्यात गार ठेवली होती. एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "म्वाजुमा, आधी थोडी प्रार्थना केली तर चालेल ना?"

"खुशाल करा, बाबा," आत्या त्याच्या कोंबडीच्या डोळ्यात थेंब सोडत म्हणाली. "पण लवकर आटपा, बाटलीला ऊन लागायला नको. आणि नवी कोंबडी आणलीत तर आठवडाभर वेगळी ठेवा, आणि तीन महिन्यांनी परत या. आणि कुणी चमत्कार दाखवायला आला, तर त्याला एवढंच विचारा, काल रात्री कुठं मुक्काम होता?"