भातापुढचं गाणं

प्रियदर्शनीनं गाडीचा मागचा दरवाजा ओढला, तसा आत कोंडलेला गरम वारा अत्तराच्या वासासकट तिच्या तोंडावर आला. सीटवर गिटार होती, काळ्या पिशवीत, चेन अर्धी उघडी. तिनं आत हात घालून एक तार छेडली. दोन दिवस उन्हात तापलेली तार बेसूर वाजली आणि कारखान्याच्या भोंग्यात विरून गेली.

"काका, डिकीत काय आहे?"

हवालदार कुंडलिक गुडघा धरून सरळ झाले. नोकरीची दोनच वर्षं उरलेला माणूस.

"ती विजंवरची पेटी हाय, दोन स्पीकर, माईक. समदं जागच्या जागी. चोर लई येगळा दिसतोय मॅडम. सामान सोडलं आन् गळं तेवढं नेलं."

गळे म्हणजे विकी आणि सुयश. बारामतीची दोन पोरं, एका गल्लीत वाढलेली. दोन वर्षांत त्यांची गाणी अशी पसरली होती की एमआयडीसीत पाळीला निघालेल्या मोटारसायकलींवर तीच, उसाच्या ट्रॅक्टरवर तीच, हळदीच्या मांडवात तीच. मंगळवारी इंदापूर तालुक्यात कार्यक्रम आहे म्हणून दोघं निघाले आणि लोणी देवकरच्या फाट्यावर दोघांचेही फोन बंद झाले. आज गुरुवार, आणि त्यांची गाडी त्याच फाट्यावर उभी सापडली होती. टीव्हीवाले खंडणी म्हणत होते, कुणी दुसऱ्या गाणाऱ्यांचं वैर म्हणत होतं. सांगवीच्या प्रियदर्शनीला फौजदार होऊन दीड वर्ष झालेलं. फाईल तिच्यापुढं सरकवताना साहेब म्हणाले होते, "पोराटोरांची भानगड आहे, तुमच्याच वयाची. बघा तुम्हीच."

खंडणीचा फोन काही आला नव्हता. आणि गिटार इथं होती. ज्याला गाणं हवं, त्यानं वाद्यं कशाला सोडावीत?

खिशातला फोन थरथरला. पोरांचं चॅनेल सांभाळणारी अंजली होती.

"मॅडम, ज्या नंबरवरून कार्यक्रमाची सुपारी आली होती ना, तो आता आमच्या मेसेजमध्ये सापडला. सोनम म्हणून एक मुलगी आहे, आमची फॅन. पण फोनवर माणूस बोलला होता. वयस्कर. 'गाण्याचं काम हाय, लई वेळ न्हाय लागायचा,' म्हणाला."

"तिचे मेसेज बघायचेत मला."

"ढीगभर आहेत. पासवर्ड पाठवते."

जीपच्या सावलीत उभं राहून ती वाचू लागली. 'दादा, आज पहिल्या पाळीला तुमचं गाणं ऐकत गेले, झोप उडाली.' 'दादा, आज डेअरीत पिशव्या भरताना आमी सगळ्या पोरी तुमचं गाणं म्हणत होतो, सुपरवायझर पण हसला.' 'दादा, आमच्या गावात कधी येणार?' त्याखाली उत्तर होतं: 'ताई, तुमचं प्रेम हीच आमची ताकद. एक दिवस तुमच्या गावात येऊन तुमच्यासाठी नक्की गाऊ.' आणि लगेच तिचं: 'खरंच? मी आबांना सांगितलं. आबा हसले. ते कधी हसत नाहीत.'

"अंजली, हे उत्तर कुणी लिहिलंय?"



"मीच. ते सगळ्यांना एकच जातं, मॅडम. कॉपी-पेस्ट."

सगळ्यात शेवटी, दीड महिन्यापूर्वी, सोनमनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. एक मिनिट चाळीस सेकंद. सोबत ओळ होती: 'दादा, हे मी केलंय. एकदा ऐका. वाईट असलं तर तसं सांगा.' ते कुणी उघडलंच नव्हतं. त्यानंतर सोनमचं काही नव्हतं.

प्रियदर्शनीनं फोन कानाला लावला. ऐकून झाल्यावर तो तळहातावर पालथा धरून ती उसाच्या हिरव्या भिंतीकडं बघत राहिली.

"काय सापडलं?" कुंडलिकनं विचारलं.

"पत्ता," ती म्हणाली. "ठाण्यातून कळलं, सिम त्या मुलीच्या नावावर आहे. चला."

भीमेच्या काठची वस्ती होती ती, चार घरांची. पहिल्या घराच्या ओसरीवर एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. भिंतीवर मुलीचा फोटो, त्याला हार. हार प्लास्टिकचा होता, पण कुणीतरी रोज एक खरं फूल त्यात खोवत असावं. आजचं जास्वंदीचं होतं.

खाकी पाहूनही बाई उठली नाही.

"या," म्हणाली. "मला वाटलंच, आज येताल."

तिचं नाव कौसल्या. फोटोतली सोनम, तिची थोरली. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी गेली. एकोणीस वर्षांची.

"काकू, सोनमचे वडील कुठायत?"

"नदीला. रोज जात्यात भात घिऊन." कौसल्याच्या बोटांनी एक खडा वेचला, बाजूला ठेवला. "दहाव्याला कावळा शिवला न्हाय बघा. भात मांडला, समदी गप उभी ऱ्हायली. बाभळीवं बसलेला, पर खाली उतरंना. लोक एकेक बोलाया लागलं. युवराज बोलला, म्हंजी तिचा धाकटा भाऊ, 'ताय, मी शाळा सोडणार न्हाय.' मामा बोलला, 'तुझ्या आयला अंतर देणार न्हाय.' म्या बोलले. दुपार कलली तरी काय न्हाय. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला आन् शिववला. लोक उठलं, घरी गेलं. ह्यांचं मन काय उठलं न्हाय."

"मग?"

"म्हनलं, 'पोरीचं कायतरी ऱ्हायलंय. त्ये दोघं येऊन गाणार म्हनून त्येंनी तिला शबूद दिलता. त्येच ऱ्हायलं.'" तिनं सूप खाली ठेवलं. "परवापून तीन मानसांचा डबा करून देते. कुनासाठी, म्या इचारलं न्हाय. त्येंनी सांगितलं न्हाय."

कुंडलिकनं प्रियदर्शनीकडं पाहिलं. ती फोटोकडं पाहत होती.

"घरात गायची का सोनम?"

"ह्यांच्यादेखत न्हाय. एकदा मोरीत भांडी घासताना गात हुती, तर म्हनलं, 'गप बस. फडावं नाचाया जायाचंय का?' पोरगी गप बसली. लई शानी हुती माजी." कौसल्यानं पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली. "मारू नका त्येंना. मानूस वाईट न्हाय."

नदीकडं जाणारी वाट उसातून होती. जीप हळू चालली होती.

"तुमच्यात हे कावळ्याचं नसतंय न्हाय का, मॅडम?" कुंडलिकनं जपून विचारलं.

"नाही."

छप्पन साली तिचे पणजोबा आबाजी यांनी दीक्षा घेतली आणि हे सगळं त्याच दिवशी घराबाहेर ठेवलं. दोन वर्षांपूर्वी तिचा भाऊ गेला तेव्हा बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, लोक येऊन बसले, उठले. सगळं नीट झालं. रात्री तिनं आईला विचारलं होतं, त्याचं काही राहिलं असेल तर आपल्याला कसं कळणार? आई म्हणाली होती, आपण तसं विचारत नाही गं. तिला ते तेव्हाही पटलं होतं, आताही पटत होतं. तरी त्यानंतर कित्येक दिवस भावाच्या खोलीत गेली की ती आधी खिडकीकडं बघायची.

पाण्याच्या कडेला मोटारीची खोली होती, पत्र्याच्या दाराला बाहेरून कुलूप. आतून कुणीतरी थांबून थांबून दार बडवत होतं. खोलीपुढं, दगडावरच्या पत्रावळीत भाताचे गोळे मांडलेले. त्यांच्यासमोर पोत्यावर बसून सुयश गात होता. फोनमधून हजारदा ऐकलेला तो गुळगुळीत आवाज नव्हताच. उसाच्या पाचटासारखा सुका, फाटका होता. शेजारी सोनमचा बाप, मानसिंग, बसला होता. मांडीवर कोयता, नजर बाभळीवर.

बाभळीवर तीन कावळे होते.

"आबा," प्रियदर्शनीनं हाक मारली.

मानसिंग दचकला. कोण बोललं ते कळल्यावर त्याचे खांदे खाली आले.

"थांबा मॅडम. येवढं गानं हुंद्या. मगाशी उतरला हुता एक. जवळ आलता."

"किती गाणी झाली, सुयश?"

"सगळी." पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, ते भीतीचं की थकव्याचं, सांगता आलं नसतं. "चार-चार वेळा. विकी आत आहे, मॅडम. एक बाहेर असला की दुसरा आत. म्हणून पळता येत नाही. वाद्यं आणू देत नाहीत, म्हणतात कावळं बुजत्याल."

"म्या हात लावला न्हाय पोरास्नी," मानसिंग म्हणाला. "माज्याआधी जेवाय घातलंय. निस्तं म्हनलं, शबूद दिलाय तर पाळा. लगीन हुईल तवा गात्याल, नायतर जत्रंला गात्याल, म्हनून पोरगी वाट बघत हुती."

कुंडलिक मागून एक एक पाऊल कोयत्याकडं सरकत होते. प्रियदर्शनीनं त्यांना हातानंच थांबवलं आणि ती मानसिंगच्या समोर मातीत मांडी घालून बसली.

"आबा, तिची इच्छा ही नव्हती."

"तुमाला काय ठावं?" त्याची नजर तिच्या छातीवरच्या नावाच्या पाटीवर गेली, आडनावाशी थांबली. "तुमी तर हे मानीत बी न्हाई."

"नाही मानत. पण तिनं या पोरांना जे लिहिलं, ते मी सगळं वाचलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत." तिनं फोन काढला. "तिला यांचं ऐकायचं नव्हतं. ते तर ती रोजच ऐकायची. यांनी तिचं एकदा ऐकावं, एवढंच मागत होती."

फोन तिनं सुयशच्या हातात दिला. "हा मेसेज तुमच्या नावानं आलाय. उघड."

सुयशनं अंगठा टेकवला.

आधी भांड्यांचा आवाज आला, मग दार लावल्याचा. एका मुलीनं घसा साफ केला, स्वतःशीच हसली आणि गाऊ लागली. गळा कोवळा, थोडा कापरा, जात्यावरच्या जुन्या बायकांच्या वळणाचा. पण ठेका मात्र झपाझपा चालणाऱ्याचा होता.

पहाटेची माझी पाळी, अंधार गं बांधाला
बाप माझा पुढं चाले, उजेड माझ्या पावलाला

"कोन गाती ही?" मानसिंगनं विचारलं.



बाप माझा अबोल गं, बोल बोलंना वाटेला
त्याच्या चपलेचा ठेका, धरते मी गाण्याला

त्याच्या मांडीवरचा कोयता घसरून मातीत पडला. तो उचलायला कुणी वाकलं नाही, कुंडलिकही नाही. खोलीचं दार बडवणं केव्हा थांबलं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आत विकीही ऐकत असावा.

बस आली फाट्यावरी, बाप राहिला मागं
त्याच्या चालीचं गाणं, माझ्यासंगं जागं

त्यानंतर काही क्षण नुसता तिचा श्वास होता. मग कुठून तरी कौसल्याची हाक आली, 'सोने, दूध उतू चाललंय', आणि आवाज तुटला.

सुयशची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती, ती थांबली.

मानसिंग बराच वेळ त्या फोनकडं बघत राहिला, विझलेल्या काचेकडं.

"ऐकलंस?" त्यानं सुयशला विचारलं.

"ऐकलं."

"वाईट हाय का?"

सुयशनं नाही म्हणून मान हलवली. 

"म्या म्हनायचो, गप बस." मानसिंग एवढंच बोलला. कंबरेची किल्ली काढून त्यानं प्रियदर्शनीच्या तळहातावर ठेवली. मग त्या तळहाताकडं बघत म्हणाला, "तिच्या आयला ऐकवाल का हे? मला न्हवं. तिला."

"ऐकवीन."

कुंडलिकनं कुलूप काढलं. विकी बाहेर आला, उन्हात डोळे चोळत, आणि सुयशच्या गळ्यात पडला.  प्रियदर्शनीनं पट्ट्याला अडकवलेली बेडी काढली होती, ती तिच्या हातातच राहिली. मानसिंग आपण होऊन उठला, धोतर झटकलं आणि कुणी न सांगता जीपच्या दिशेनं चालू लागला.

त्यानं पायांत जुन्या रबरी चपला घातल्या होत्या. उसातल्या त्या कोरड्या वाटेवर त्या वाजत होत्या. एक पाऊल जोरात, एक हलकं. एक जोरात, एक हलकं. विकी आणि सुयश चालता चालता जागच्या जागी थांबले.

"मॅडम," कुंडलिक मागून दबक्या आवाजात म्हणाले, "जरा मागं बघा. भाताजवळ..."

प्रियदर्शनीनं मागं न बघता हात वर केला. गप राहा.

आणि मानसिंगच्या चार पावलं मागं, त्याचं चालणं बुडू नये इतक्या हलक्या पायांनी, ती चालत राहिली.