धुतलेलं चाक

सकाळी पावणेआठला, पाळी सुरू होण्याआधी, झानिलने आपला डंपर ताब्यात घ्यायला नकार दिला.

कोळशाच्या उघड्या खाणीत कडाक्याच्या थंडीत कुणी डंपर धूत नाही. हाही धुतलेला नव्हता. तीन चाकांवर काळी धूळ जशीच्या तशी होती. मागचं डावं चाक तेवढं लख्ख होतं आणि त्याखाली बर्फाचा ताजा पापुद्रा धरला होता. तेल गळलं की त्यावर धूळ चिकटते आणि गळती कुठे आहे ते दिसतं. म्हणजे पुसायचं होतं ते नेमकं हेच. झानिलने ब्रेकच्या नळीच्या सांध्याखालून हात फिरवला. हातमोजा तेलकट झाला.

रात्रपाळी तिच्या थोरल्या दिरांची होती. एकाच अंगणात दोघांची घरं. रोज ते गाडी सोपवताना थांबायचे, थर्मासमधला उरलेला चहा तिला द्यायचे. आज मान खाली घालून बसकडे गेले. त्यांच्या कोटाच्या बाह्या बर्फाने ताठ झाल्या होत्या, हे तिने पाहिलं होतं. भरला डंपर घेऊन खाली उतरायचं होतं ते तिला, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

तिने वॉकीटॉकीवर नियंत्रण कक्षातल्या वयस्कर रौझाला सगळं सांगितलं.

"सूनबाई, गाडीला आंघोळ घातली म्हणून तक्रार करणारी तू पहिलीच," रौझा म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "धुतलं कुणी? नाव सांग."

सासरच्या थोरल्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. लग्न होऊन आली तेव्हा झानिलने दिरांना स्वतःच एक नाव ठेवलं होतं. तेच तोंडून निघालं.

"मिर्झा-आगांनी, आपा."

घरात या नावाचा माणूस एकच होता. खाणीत दुसरा होता: रात्रीचा मेकॅनिक मिर्झाहान, ज्याला सगळे आदराने मिर्झा-आगा म्हणत. झानिलच्या हे लक्षात येईपर्यंत रौझाने त्याला वॉकीटॉकीवर बोलावून जाब विचारलाही होता.

सगळी खाण ऐकत होती.

"मी धुतलं नाही," मिर्झाहान म्हणाला. "मी फक्त गरम पाणी दिलं. सकाळची पाळी रद्द झालीय, असं झानिलचा दीर म्हणाला होता."

पाळी रद्द झाली नव्हती. तसं कुणी कळवलंही नव्हतं. आता तिच्या दिरांनाच कुणी खोटं सांगितलं होतं, की त्यांनी मिर्झाहानला फसवलं होतं? झानिलने चाकांखालचे लाकडी ठोकळे पायाने दाबून पाहिले आणि दिरांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

साडेआठला बसच्या चालकाने कळवलं. तिचे दीर फाट्यावर उतरले होते आणि खाणीकडे परत चालत येत होते.